पाणचक्कीचं पाणी पाहिलं, दगड राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीवर पानभर मजकूर आला. फोटो छान होते. भिंतीवरून हौदात कोसळणारं पाणी, हौदातली कारंजी, जुना वड, जमिनीखालून पाणी आणणाऱ्या नहरीची माहिती, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याची माहिती, सगळं होतं. दगड तेवढा नव्हता. अख्ख्या पानात दळणाबद्दल एकच वाक्य: ‘पाण्याच्या शक्तीवर येथे धान्य दळले जात असे.’ मी छत्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवते. लग्नाच्या बातमीत मांडव आला, पंगत आली, पाहुण्यांची यादी आली आणि नवरीचं नावच राहिलं, असं मला ते वाचून वाटलं.

हे पत्र बोलणारी मी, लिहिणारी माझी नात. माझं शिक्षण सातवी. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

पैठण तालुक्यातल्या आमच्या गावात सासऱ्यांनी गिरणी टाकली ती ऑइल इंजिनवर. इंजिनाच्या धुराड्याला टोपी बसवलेली असायची. तिचा कुक् कुक् आवाज शिवारात गेला की बाया दळणाच्या पाट्या डोक्यावर घेऊन निघायच्या. पुढं लाइट आली, १० एचपीची मोटार आली. १९८९ साली आमचे मालक गेले. मी एकतीस वर्षांची, पदरात दोन लेकरं आणि ही गिरणी. मोटार चालू-बंद करता येत होती, पट्टा चढवता येत होता. दगडातलं मात्र काही कळत नव्हतं. दगडाला टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीनं ठोकून बोथट दगडाला पुन्हा धार आणणारा माणूस तालुक्याहून त्याच्या सवडीनं यायचा. एकदा तो अकरा दिवस फिरकला नाही. गिरणी बंद ठेवली तर खाणार काय, म्हणून बोथट दगडावर मी तशीच दळत राहिले. पीठ इतकं तापून निघे की डब्यात हात घालवत नव्हता. तिसऱ्या दिवशी गल्लीतली एक म्हातारी भाकरी घेऊनच आली. चारी बाजूंनी काठ फुटलेले. “पोरी, पिठाची विरी गेली बघ,” एवढंच म्हणाली आणि भाकरी पिठाच्या डब्यावर ठेवून निघून गेली.

विरी हा शब्द शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. विरी म्हणजे पिठाचा एकमेकाला धरून राहण्याचा गुण. गव्हाला तो उपजत असतो, भिजवलं की चिवट होतो. ज्वारीला तसा नसतो. ज्वारीचं पीठ ताजं असेल आणि दळताना जळलं नसेल, तरच भाकरी हाताखाली गोल फिरते. म्हणून ज्वारीची गिरणी चालवणारीची परीक्षा रोज गावातल्या परातींत होते, आणि निकाल सांगायला बाया घरी येतात.

मला टाकी शिकवली ती एका टकारी बाईनं. जातं घडवणारे वडार, पाथरवट. त्याला टाकी लावत गावोगाव फिरणारे टकारी. टाकीवरूनच ते नाव पडलंय. आज हा समाज विमुक्त जातींच्या यादीत सापडतो. इंग्रजांनी त्याच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. आमच्याकडं ही मावशी दरसाल संक्रांतीच्या पुढं यायची. सासूबाईंचं जातं ओसरीवर उलटं करून बसायची, नातवाला पाठीशी झोपवायची आणि टक् टक् सुरू करायची. मोबदला दोन शेर धान्य, एखादं जुनं लुगडं. त्या वर्षी मी तिला विचारलं, “मावशी, गिरणीचा दगड लावता येईल का?” ती हसली. “दगड तो दगड. सासूचा लहान, तुझा मोठा.” चार दिवस ती आमच्याच ओसरीवर राहिली.

तिनं शिकवलं ते इथं सांगते, कारण छापलेलं मी कुठं वाचलेलं नाही.

आधी वरचा दगड उचलून पालथा करायचा. आमचा दगड वीस इंची, एकटीला उलटत नाही. पहार लागते, टेकायला ओंडका लागतो. दगडाखाली बोट कधी घालायचं नाही, चिंधी अडकली तरी नाही. मग कुंच्यानं पीठ झाडायचं. डोळ्यांना दगड सपाट दिसतो, पण तसा तो नसतो. सरळ लाकडी पट्टीला ओला गेरू लावून ती दगडावरून फिरवली की जिथं उंचवटा आहे तिथं लाल ठसा उठतो. तेवढाच भाग टाकीनं उतरवायचा. परत गेरू, परत टाकी. पहिल्या दिवशी मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हेच केलं आणि मावशीनं पट्टी फिरवून दाखवली, तर माझा दगड एका बाजूला खोलगट झालेला. ती रागावली नाही. तिनं उरलेला सगळा दगड त्या खोलगटापर्यंत उतरवायला लावला.

ठसे सगळीकडं सारखे पडायला लागले, की मग चरी. दगडाच्या तोंडापासून, म्हणजे मधल्या भोकापासून, काठाकडं तिरप्या जाणाऱ्या. तोंडाशी चर खोल, ज्वारीचा दाणा अर्धा बुडेल एवढी. काठाकडं जाता जाता उथळ होत शेवटच्या दोन बोटांत नाहीशी झाली पाहिजे, नाहीतर भरड तशीच बाहेर पडते. दोन्ही दगडांवर चरी एकाच बाजूला तिरप्या काढायच्या. असं का, ते मला दोन दिवस कळेना. मग मावशीनं तिचे दोन तळवे एकावर एक धरले आणि वरचा हात पालथा केला. दोन्ही दगडांवर एकाच बाजूला कललेल्या रेघा समोरासमोर आल्या की एकमेकींवर फुल्या मारतात. दगड फिरला की त्या फुल्या कात्रीच्या पात्यांसारख्या मिटत मिटत काठाकडं सरकतात. दाणा तोंडाशी फुटतो, मध्ये भरडला जातो, काठाशी पीठ होतो. चरीतूनच वारा खेळतो, त्यानं पीठ तापत नाही आणि बाहेरही ढकललं जातं. लोकांना वाटतं दगड दाणा चिरडतो. चिरडतो तो बोथट दगड. लावलेला दगड कापतो.

आणि दोन दगड एकमेकांना टेकू द्यायचे नसतात. तोंडाशी पुठ्ठा जाईल एवढी फट, काठाशी पातळ कागद जेमतेम सरकेल एवढी. मधलं अंतर दाण्यानंच धरून ठेवायचं. म्हणून चक्की रिकामी फिरवायची नाही. दगडावर दगड आला की जळका वास येतो, ठिणगीही उडते, आणि आठ दिवसांची टाकी पाच मिनिटांत जाते.

टाकी मारताना पोलादाचे बारीक कण उडतात. ते हातात शिरतात आणि तिथंच राहतात. माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर असे निळे-काळे ठिपके आहेत. मागं मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले तेव्हा तिथल्या पोरीनं विचारलं, “आजी, हे गोंदण कुठलं?” मी म्हटलं, “दगडाचं.” मावशीचे तर दोन्ही हात तसे होते, कारण ती डाव्या हातानंही टाकी चालवायची. चष्मा घालून बसायचं शहाणपण मला फार उशिरा आलं.

टाकी लावल्यावरचं पहिलं दळण कोणाला द्यायचं नाही. त्यात दगडाची बारीक कच येते. मी पायलीभर कोंडा दळून टाकून देते, मग घरचं दळण घेते, मग गावाचं. धान्याचाही क्रम असतो. बाजरीवर गहू घालायला कोणी बाई तयार नसते, चपातीला कडवट वास लागतो. हरभऱ्याची डाळ शेवटी. एकदा कुणाच्या गव्हातून बोल्ट आला. मोटारीच्या आवाजातही तो एकच ठण् मला ऐकू गेला. दगडाचा चिप्पा उडाला होता. तेव्हापासून चाडीच्या, म्हणजे वरून धान्य ओततात त्या पेटीच्या, तोंडाला लोहचुंबक बांधलंय.

आता पाणचक्कीकडं येते.

मागच्या श्रावणात सुनेबरोबर मी तिथं गेले. पाणी पाहायला गर्दी होती. हौदाच्या तळाखाली दालन आहे. वर पाणी आणि खाली आपण, हे सुनेला फार आवडलं, तिनं तिथं बरेच फोटो काढले. मी चक्कीपाशी जाऊन उभी राहिले. शेजारी कॉलेजची पोरं होती. त्यातला एक दुसऱ्याला सांगत होता की इथं पाण्यात पीठ भिजवायचे, म्हणून पाणचक्की. मला राहवलं नाही. म्हटलं, बाळा, पाणी धान्याला शिवतसुद्धा नाही. पाणी खाली, पीठ वर. अशा चक्कीत उंचावरून आलेलं पाणी खालच्या खोलीतल्या आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळतं. चाकाचा उभा दांडा खालच्या दगडाच्या पोटातून वर येतो. खालचा दगड जागचा हलत नाही, दांडा वरच्या दगडाला घेऊन फिरतो. दातेरी चक्र नाही, पट्टा नाही. चाकाचा एक फेरा, दगडाचा एक फेरा. आपलं जातंच ते, खुंट्याला हात घालण्याऐवजी खालून पाण्यानं हात घातलाय.

पोरं ऐकत राहिली म्हणून मी आणखी सांगितलं. जात्यावर डाळ भरडायची असली की आपण मधल्या खिळीवर चिंधीचं कडं घालतो, वरची पाळ, म्हणजे वरचा दगड, तेवढी उचलली जाते. पाण्याच्या चक्कीत हेच काम चाकाच्या खालची तुळई करते. ती केसभर वर उचलली की दांडा वर येतो, दांड्याबरोबर दगड. आणि दाणा किती पडावा हे कोण ठरवतं? हिमालयातल्या घराटांत, तीही पाण्याचीच चक्की, चाडीला एक लाकडी काडी लोंबते आणि तिचं टोक फिरत्या दगडावर टेकतं. दगड खडबडीत, म्हणून काडी नाचते, चाडी हलते, दाणा पडतो. पाणी वाढलं, दगड जोरात फिरला की काडी जोरात नाचते, दाणा जास्त पडतो. पाणी ओसरलं की सगळंच आपोआप सावकाश. माणूस बाजूला बसून चिलीम ओढत असला तरी त्याचा कान त्या टकटकीकडं. टकटक बदलली की तो उठतो. हे मी बद्रीनाथला जाताना एका ओढ्याकाठी तासभर बसून पाहिलेलं आहे. आमची बस माझ्यासाठी खोळंबली, मंडळी चिडली होती.

पोरांनी शेवटी विचारलं, “आजी, मग दगडाची खालची बाजू कशी आहे?” मी तिथल्या माणसाला विचारलं, वरचा दगड उचलून दाखवता येईल का. तो नाही म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं. येईल त्याला ऐतिहासिक दगड उलटा करून दाखवायला लागले तर तो चार महिने टिकायचा नाही. पण मला परतीच्या वाटेवर तेच डोक्यात राहिलं. शहराबाहेरच्या डोंगरातल्या विहिरीचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणलं, खाम नदीच्या काठी उंच भिंतीवर चढवलं, ते कशासाठी? फकिरांना, वाटसरूंना, शिपायांना पीठ मिळावं म्हणून. बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडचे, किती लांबून आलेले. औरंगजेबाच्या काळापासून पुढं अठराव्या शतकात हे सगळं उभं राहिलं. त्या नहरीवर अभियंते लिहितात, कमानींवर वास्तूवाले लिहितात. पण दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी त्या दगडापाशी टाकी घेऊन बसत असणारच, नाहीतर एवढ्या पाण्यानं नुसती भरड निघाली असती. त्या माणसाबद्दल कोणाकडंच एक ओळ नाही. आज तिथं लोक पाणी बघायला येतात, दळण घेऊन कोणी येत नाही. त्याला इलाज नाही, तेही कळतं.

पुण्याच्या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हे मला नातीनं सांगितलं. फार मोठं काम. पण ज्या जात्यावर त्या ओव्या म्हटल्या, त्या जात्याच्या चरी कोणी उतरवून घेतल्या का? प्रत्येक टकाऱ्याची टाकी वेगळी असते. कोणी चरी दाट काढतो, कोणी विरळ, कोणी मध्ये बारीक ठिपके ठोकतो. माझ्या सासूबाईंच्या जात्यावरची टाकी मी कुठंही ओळखीन. दळायची जाती आता अंगणात तुळशीपाशी नाहीतर हॉटेलांच्या दारात शोभेला ठेवलेली असतात, आणि हटकून उताणी नव्हे, पालथी सिमेंटमध्ये गाडलेली.

नात अन्नतंत्रज्ञान शिकते. ती म्हणते, गव्हाच्या दाण्यात शंभरातले साधारण ८३ भाग पिठूळ गर, १४ भाग कोंडा आणि अडीच-तीन भाग अंकुर. अंकुरात तेल. दगडावर ते तेल सगळ्या पिठाला लागतं, म्हणून चव येते आणि म्हणूनच पीठ लवकर खवट होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोलादी रोळ आले. त्यांनी कोंडा आणि अंकुर वेगळा काढला. पीठ पांढरं झालं, महिनोन्महिने टिकायला लागलं, आणि दगड मागं पडला. आमच्याकडं आठ दिवसांचंच दळण न्यायची रीत होती, ती काही गरिबीमुळं नव्हती, हे मला तिच्यामुळं नीट कळलं. आणि हो, घरोघरी आलेल्या घरघंटीत बहुतेक वेळा दगडच नसतो. आत पोलादी पाती दाण्याला झोडपतात आणि चाळणीतून पीठ पडतं. वाईट म्हणत नाही, माझ्या मुलीकडंही आहे. फक्त तिला चक्की म्हणायला माझी जीभ वळत नाही.

नातीनंच मोबाइलवर आणखी एक वाचून दाखवलं. नेदरलँड्समध्ये पवनचक्क्या आणि पाणचक्क्या चालवण्याची कला २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. चक्क्या नव्हे, त्या चालवण्याचं कसब. आणि तिथल्या हौशी चक्कीवाल्यांनी आपलं मंडळ काढलं ते १९७२ साली. हे साल ऐकून मी हसले. ७२च्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. आई रेशनची लाल मिलो ज्वारी जात्यावर दळायची, आणि टाकीवालीला द्यायला घरात दाणा नव्हता म्हणून जातं बोथटच राहिलं होतं. त्याच साली तिकडं लोक फावल्या वेळात दळायचं शिकायला एकत्र येत होते. त्यांना नावं ठेवत नाही. चक्की चालवायला शिकवलं नाही तर चक्कीचं घर फक्त उरतं, हे त्यांना वेळेत कळलं, एवढंच.

आपल्याकडं काय करता येईल? मूळ दगडाला कोणी हात लावू नये, मीसुद्धा नाही. पण पाणचक्कीच्या आवारात काळ्या पाषाणाच्या दगडांची एक नवी जोडी वडारांकडून घडवून घेता येईल. हातानं फिरवायची असली तरी चालेल. वरचा दगड बिजागरीवर उलटा होईल असा बसवावा, म्हणजे लोकांना चरींवरून बोट फिरवता येईल. महिन्यातून एका रविवारी टाकी लावून पायलीभर ज्वारी दळावी आणि येईल त्याला चिमूटभर पीठ द्यावं. पीठ अंगठा आणि बोटात चोळून पाहणं हे दहा फलकांवर लिहून समजत नाही. पहिल्यांदा कोंडाच दळायचा, हे मात्र तिथं ठळक लिहून ठेवा. आणि हे काम करायला टकारी, वडार घरांतली माणसं शोधावीत, त्यांना रीतसर मानधन द्यावं; दोन शेर धान्य आणि जुन्या लुगड्यावर त्यांनी पुष्कळ वर्षं काढली. गेरूचा ठसा कागदावर सहज उतरतो. शाळेच्या पोरांनी आपापल्या घरच्या, आजोळच्या जात्यांचे ठसे घेतले तरी एका सुट्टीत कपाटभर होतील. आपल्या वर्तमानपत्रानं मनावर घेतलं तर हे अवघड नाही. माझ्याकडं सासूबाईंच्या जात्याचा ठसा तयार आहे. नात या पत्रासोबत पाठवते आहे. खाली उजवीकडं चरी जरा वाकड्या दिसतील. त्या माझ्या, शिकतानाच्या आहेत. बाकी सगळ्या मावशीच्या.

मावशी २००३ च्या संक्रांतीला आली ती शेवटची. तिच्या नातवाला, जो ओसरीवर झोपायचा, मी नंतर शोधलं. तो पुण्याकडं बांधकामावर फरशा बसवतो. हात चांगला आहे म्हणतात. टाकी त्याला येत नाही.

माझ्याकडं तीन टाक्या आहेत, त्यातली एक तिची, झिजून वीतभर राहिलेली. गुडघ्यांमुळं मला आता फार वेळ बसवत नाही, पण समोर बसलेल्याला ‘तिरपी धर’ एवढं सांगता येतं. मंगळवारी गिरणी बंद असते. कोणाला शिकायचं असेल तर पत्ता आपल्या कचेरीत दिलेला आहे. येताना जुने कपडे घालून यावं, आणि डोळ्यांना चष्मा आणावा.

आपली वाचक,
एक गिरणीवाली
(ता. पैठण)